वाचकांचे प्रश्न : घरी फोटो छापताना कागद आणि शाई

प्रश्न : आमच्याकडे चार रंगांचा इंक टँक प्रिंटर आहे. नातीच्या बारशाचे फोटो घरीच छापून अल्बम करण्याचा विचार आहे. दुकानात १३० पासून २७० जीएसएमपर्यंतचे ग्लॉसी कागद दाखवतात आणि किमतीत मोठी तफावत असते. जितका कागद जाड तितका फोटो चांगला, हे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : अंशतःच खरे आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. त्यावरून कागद हाताला किती भरीव लागेल हे कळते, पण फोटोचे रंग कसे उठतील हे ठरते ते कागदावरील शाई धरून ठेवणाऱ्या लेपावरून आणि त्या लेपाखाली काय आहे यावरून. स्वस्त ग्लॉसी कागद बहुधा ‘कास्ट कोटेड’ असतो, म्हणजे साध्या कागदाच्या एका अंगाला चकचकीत लेप दिलेला असतो. महाग कागद सहसा ‘आर.सी.’ (रेझिन कोटेड) प्रकारचा असतो. त्यात मूळ कागदाच्या दोन्ही अंगांना पॉलिथिनचा पातळ थर असून शाई धरून ठेवणारा लेप त्यावर चढवलेला असतो. स्टुडिओतून धुऊन येणाऱ्या रंगीत फोटोचा कागदही याच पद्धतीने बनतो, म्हणून त्याचा स्पर्श आपल्याला ओळखीचा वाटतो.

पाकिटावर हा फरक पुष्कळदा लिहिलेला नसतो, परंतु एक कागद खर्ची घातल्यास तो घरीच ओळखता येतो. कागदाच्या पाठीवर पाण्याचा थेंब ठेवून दोन-तीन मिनिटे थांबावे. कास्ट कोटेड कागदात थेंब मुरतो आणि ती जागा फुगते; आर.सी. कागदावर तो तसाच राहतो आणि फडक्याने टिपला की मागे काही उरत नाही. खात्री हवी असल्यास कोपरा सावकाश फाडून पाहावा, आर.सी. कागदाच्या फाटलेल्या कडेला प्लास्टिकचा बारीक पापुद्रा ताणला गेलेला दिसतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात हा फरक अधिकच जाणवतो. गडद रंगांच्या फोटोत शाई जास्त पडते, आणि आधीच दमट झालेला कास्ट कोटेड कागद ती पिऊन लाटांसारखा उठतो. म्हणून अल्बमसाठी ४×६ इंचांचा, २३० ते २७० जीएसएमचा आर.सी. कागद घ्यावा, मात्र आपला प्रिंटर किती जाडीचा कागद घेतो हे त्याच्या पुस्तिकेत आधी पाहावे. शाळेचे प्रकल्प, तक्ते, वाढदिवसाची सजावट यांसाठी १३० किंवा १८० जीएसएमचा स्वस्त कागद पुरेसा आहे. तेथे महाग कागद वापरणे ही उधळपट्टीच होय. उघडलेले पाकीट हवाबंद पिशवीत, आडवे ठेवावे.

प्रश्न : मूळ कंपनीच्या शाईपेक्षा बरीच स्वस्त शाई ऑनलाइन मिळते. ती वापरावी का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आपला प्रिंटर काडतुसाचा (कार्ट्रिजचा) आहे की टाकीचा, हे आपण कळवलेले नाही आणि सगळा हिशेब त्यावरच अवलंबून आहे. काडतुसात शाई थोडी व महाग असते, त्यामुळे स्वस्त पर्यायाचा मोह होणे स्वाभाविक आहे. टाकीच्या प्रिंटरला मात्र ६५-७० मिलिलिटरची बाटली लागते आणि ४×६ च्या एका फोटोला सर्व रंग मिळून एक मिलिलिटरसुद्धा शाई लागत नाही. तेथे फोटोमागे शाईपेक्षा चांगल्या कागदाचाच खर्च जास्त येतो. अशा वेळी शाईत वाचवलेले पैसे इतके किरकोळ असतात की त्यासाठी रंग आणि प्रिंटरचे हेड, म्हणजे कागदावर शाई फेकणारा भाग, पणाला लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही बाहेरची शाई घ्यायचीच असेल, तर ती आपल्याच प्रिंटरच्या जातीची आहे ना, हे पाहावे. एप्सनचे हेड दाबाने शाई फेकते, तर कॅनन आणि एचपीच्या घरगुती प्रिंटरांत ती तापवून फेकली जाते. त्यामुळे एकाची शाई दुसऱ्यात चालवू नये. डाय शाईच्या (जिच्यात रंग पूर्ण विरघळलेला असतो) टाकीत पिगमेंट शाई (जिच्यात रंगाचे बारीक कण असतात) ओतू नये. तशाच दिसणाऱ्या बाटल्यांत सब्लिमेशनची शाईही विकली जाते; ती कपांवर आणि कापडावर उष्णतेने चित्र उतरवण्यासाठी असते, फोटो कागदासाठी नव्हे.

टिकाऊपणा हा तर शाई आणि कागद या जोडीचा गुण आहे. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरांवर कंपनीच्याच ग्लॉसी कागदावर छापलेले काही फोटो थोड्याच काळात नारिंगी पडू लागले होते. हवेतील ओझोनमुळे त्यातील निळा रंग उडत होता आणि काचेमागे ठेवलेले फोटो त्या मानाने सुरक्षित राहत होते. मूळ शाई आणि मूळ कागद असूनही जेथे असे घडू शकते, तेथे अनोळखी शाई अनोळखी कागदावर किती टिकेल हे पाकिटावरील दाव्यावरून मानू नये. एकच फोटो छापून त्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने घट्ट झाकावा, तो उन्हाच्या खिडकीत महिना-दोन महिने ठेवावा आणि मग पुठ्ठा काढून दोन्ही भाग शेजारी-शेजारी पाहावेत.

प्रश्न : चांगला कागद आणि मूळ शाई असूनही फोटो निस्तेज येतात, काळा रंग तर करडा दिसतो.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : छपाईची आज्ञा देताना उघडणाऱ्या चौकटीत कागदाचा प्रकार ‘प्लेन’ राहिला आहे का, ते प्रथम पाहावे. त्या निवडीवरून प्रिंटर शाईचे प्रमाण ठरवतो, त्यामुळे तेथे ‘ग्लॉसी’ निवडणे आवश्यक आहे. चार रंगांच्या अनेक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे मुख्यतः मजकुरासाठी असते, आणि ग्लॉसी कागदावर काळा रंग उरलेल्या तीन रंगांच्या मिश्रणातून तयार होतो. म्हणून तो थोडा कमी गडद येणे हा दोष नव्हे. हलका निळा आणि हलका गुलाबी असे दोन जादा रंग असलेल्या सहा रंगांच्या प्रिंटरवर चेहऱ्याच्या छटा अधिक मऊ उतरतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आक्रसलेला असतो. ४×६ साठी १२०० × १८०० पिक्सेल हवेत, म्हणून पाठवणाऱ्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे.

प्रश्न : लग्नाचे दोन-तीनशे फोटो घरी छापणे परवडेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. इतके फोटो लॅबमध्येच द्यावेत. निवडक पाच-सहा फोटो घरी मोठ्या आकारात छापायचे असतील, तर छापल्यावर पूर्ण एक दिवस उघड्यावर वाळू द्यावेत आणि मगच फ्रेममध्ये बसवावेत. घाई केल्यास शाईतील ओलाव्याची वाफ काचेच्या आतल्या बाजूवर धरते.