पायथन प्रोग्रॅमच्या प्रत्येक रनचे निकाल आउटपुट फाईलमध्ये कसे लिहावेत?

आपण विचारले आहे की, एकच पायथन प्रोग्रॅम वेगवेगळ्या आकड्यांवर पुन्हा पुन्हा चालवताना येणारे निकाल स्क्रीनवरून उचलून एका फाईलमध्ये कसे जमा करावेत आणि ती फाईल पुढे एक्सेलमध्ये नीट कशी उघडावी. फाईल उघडणे, तिच्यात लिहिणे आणि विथ ब्लॉक संपताच ती बंद होणे एवढे आपल्याला येत असणार, असे मी धरून चालतो. माझा आक्षेप सगळे निकाल एकाच फाईलमध्ये ठेवण्याला आहे. प्रत्येक रनची फाईल वेगळी असावी आणि निकाल कोणत्या इनपुटमधून, कोणत्या अटींवर आला हे त्यासोबत लिहिलेले असावे. याबाबतीत मी हट्टी आहे आणि तो हट्ट मला महागात मिळालेला आहे.

लातूरमधील एका संस्थेत मी पावसाच्या नोंदींचे काम करत असे. महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाईलमध्ये येई आणि पावसाळ्यात कोणत्या मंडळात किती दिवस अतिवृष्टी झाली, हे माझा प्रोग्रॅम मोजत असे. काम किरकोळ वाटते, परंतु अतिवृष्टी कशाला म्हणायचे इथेच पहिली मेख आहे. नुकसानभरपाईच्या हिशेबात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडल्यास अतिवृष्टी धरतात, तर हवामान खात्याची मुसळधार पावसाची वर्गवारी ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होते. ज्या दिवशी मंडळात नेमका ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस पहिल्या हिशेबात सुटतो आणि दुसऱ्यात मोजला जातो. प्रोग्रॅममध्ये हा फरक एका ओळीचा असतो. छापील तक्त्यात मात्र त्यावरून भांडणे होतात.

आमचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, महसूल खात्यातून निवृत्त होऊन आले होते. फोल्डरमध्ये ‘निकाल’ नावाची एकच फाईल असावी आणि ती दर वेळी डब्ल्यू मोडमध्ये, म्हणजे जुना मजकूर पुसून नव्याने लिहिण्यासाठी, उघडावी, असा त्यांचा दंडक होता. मी तारीख आणि वेळ घातलेल्या नावांच्या वेगळ्या फायली ठेवू लागलो, तेव्हा “कशाला एवढा पसारा मांडायलास रे? एक फाईल बास की!” असे म्हणून त्यांनी त्या माझ्याकडूनच काढून टाकवल्या. पुढे अहवाल छापायला जाण्याच्या आधी बैठकीत दोन प्रिंट समोर आल्या. मथळा तोच, मंडळांची यादी तीच, पण एकाच मंडळापुढे एकीत चार दिवस आणि दुसरीत पाच. कोणता आकडा खरा, असे विचारले गेले. दोन्ही खरे होते, कारण दोन्हींमागची मर्यादा वेगळी होती. परंतु हे दाखवायला फोल्डरमध्ये काहीही नव्हते, आधीच्या रनचा निकाल नंतरच्या रनने पुसून टाकला होता. पोराने प्रोग्रॅममध्ये गडबड केली, असे सर सगळ्यांसमोर म्हणाले. त्याच संध्याकाळी मी दोन्ही मर्यादांवर प्रोग्रॅम चालवून दोन फायली त्यांना मेल केल्या. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले. मेलला उत्तर आले नाही.

ज्या माणसाची सारी नोकरी सातबाऱ्यात गेली, जिथे जुन्या खातेदाराचे नाव खोडून टाकत नसत, त्याला कंस करत आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहीत, त्या माणसाला जुना निकाल राखून ठेवण्यात पसारा दिसावा, याचे मला आजही नवल वाटते.

डब्ल्यू मोडमध्ये फाईल रिकामी होते ती लिहिताना नव्हे, तर उघडताक्षणी. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच ती उघडली आणि पुढे इनपुट सापडले नाही म्हणून प्रोग्रॅम कोसळला, तर नवा निकाल हाती येत नाही आणि जुनाही जातो. ए मोडमध्ये नवा मजकूर शेवटी जोडला जातो आणि जुना टिकतो खरा, पण एक रन कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे आपणच लिहिले नाही तर कळत नाही. मी एक्स मोड वापरतो. तो पायथन ३.३ पासून आहे आणि त्या नावाची फाईल आधीच असल्यास एरर देऊन थांबतो. नावात रनची तारीख-वेळ घालावी. मात्र विंडोजमध्ये फाईलच्या नावात कोलन चालत नाही, म्हणून ती वेळ एसटीआरएफटाइमने (तारीख-वेळ हव्या त्या साच्यात लिहिणाऱ्या फंक्शनने) हायफन आणि अंडरस्कोर वापरून बनवावी. पहिल्या ओळीत माझ्याकडे असा मजकूर असतो: ‘इनपुट: जुलै_मंडळे, मर्यादा: ६५, तुलना: पेक्षा जास्त’. कोडच्या आवृत्त्या जपणारे गिट वापरत असाल तर कमिटचा, म्हणजे त्या आवृत्तीचा, क्रमांकही तिथेच लिहावा.

एक्सेलसाठी सीएसव्ही मॉड्यूल वापरा. फाईल उघडताना न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे फाईलमध्ये साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८-सिग ठेवा, नाहीतर औसा, निलंगा ही नावे एक्सेलमध्ये अगम्य चिन्हांत दिसण्याची शक्यता असते. वर सांगितलेली माहितीची ओळ सीएसव्हीत घातल्यास रकाने बिघडतात, म्हणून ती त्याच नावाच्या शेजारच्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवावी. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडी असताना त्याच नावावर पुन्हा लिहायला गेल्यास विंडोजवर परमिशन एरर येतो. सरांच्या संगणकावर ‘निकाल’ दिवसभर उघडी असे, एवढे सांगितले तरी पुरे. रकान्यांची रुंदी, रंग वगैरे सजावट मी करत नाही. त्याविषयी दुसऱ्या कोणाचे उत्तर पाहावे.

कमांडमधील एक बाण (>) वापरून आउटपुट फाईलकडे वळवणारे अनेक असतात. तो बाणही जुनी फाईल पुसतो, दोन बाण दिल्यास मजकूर पुढे जोडला जातो, आणि एररचे संदेश त्या फाईलमध्ये येतच नाहीत, ते स्क्रीनवरच राहतात. असे वळवलेले प्रिंट लगेच फाईलमध्ये न जाता बफरमध्ये, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या जागेत, साठत राहते, त्यामुळे रन लांबलचक असेल आणि आमच्याकडच्यासारखी भर दुपारी वीज जात असेल, तर प्रिंटला फ्लश ट्रू द्यावे. फ्लशने मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जातो, डिस्कवर पोहोचल्याची खात्री त्यात नसते. ती हवी असल्यास ओएस मॉड्यूलमधील एफसिंक आहे.

आपला प्रोग्रॅम दिवसातून हजारो वेळा चालत असेल, तर वेगळ्या फायलींचा माझा आग्रह लागू पडत नाही. तिथे पायथनसोबतच येणारे एसक्यूलाइट हे छोटे डेटाबेस वापरून प्रत्येक रनची एक नोंद करावी; इनपुट, मर्यादा आणि तुलना यांचे रकाने मात्र त्या टेबलातही हवेत.