रोज साठ-सत्तर पेशंट असताना नव्या डॉक्टरने प्रत्येकाशी नीट कसं बोलायचं?

वॉर्डात शिकलेली अर्ध्या तासाची हिस्टरी, म्हणजे आजाराची सविस्तर विचारपूस, दवाखान्याच्या चार मिनिटांत कशी बसवायची, असं तुम्ही विचारलंय. ती बसत नाही, नाद सोडा. मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो, त्यावरून सांगतो.

पेशंट बसला की ‘काय होतंय?’ विचारा आणि गप्प राहा. 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंटची संभाषणं रेकॉर्ड करून तपासली. डॉक्टर सरासरी 18 सेकंदांतच पेशंटचं बोलणं तोडत होते. न तोडलं तर बहुतेक जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबतात. आपण मात्र ‘ताप’ ऐकला की लगेच ‘थंडी वाजते का?’ सुरू करतो. मग खरी तक्रार निघते पैसे देऊन उठताना: ‘डॉक्टर, अजून एक, जिना चढताना छातीत भरून येतं.’ म्हणून ‘आणखी काही?’ हे सुरुवातीलाच विचारून घ्या. वेळ वाचतो तो इथेच.

‘कशाची भीती वाटते?’ असं थेट विचारलंत तर ‘ते तुम्हीच सांगा’ हेच उत्तर येईल. ‘घरचे काय म्हणतायत?’ विचारून बघा. डोकेदुखीची गोळी मागणाऱ्या बाईच्या जावेला ब्रेन ट्यूमर निघालेला असतो. ते कळलं नाही, तर ती गोळी घेऊन जाते आणि चार दिवसांनी परत येते. (सासू सोबत असेल तर सुनेला एकदा पडद्याआड तपासायला घ्या. बरंच काही तिथेच कळतं.)

‘सुई मारा’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. तपासताना मोठ्याने बोला: ‘घसा लाल आहे, छाती साफ आहे, ऑक्सिजन 98.’ नीट तपासलंय हे पटलं की हट्ट बराच कमी होतो. तरीही काही जण समोरच्या दवाखान्यात जातात. जाऊ द्यात.

आणि ‘बरं नाही वाटलं तर या’ हे वाक्य कामाचं नाही. डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो आणि नेमका तेव्हाच पेशंट बरा झालो म्हणून शेतावर जातो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी रात्रीसुद्धा यायचं, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या आणि सोबत आलेल्याकडून एकदा वदवून घ्या.