वाचकांचे प्रश्न : लेकराच्या दुखण्याला पाप कोणाचे?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि त्याला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आई आणि वडील दोघांकडूनही आलेला. थंडीचे दिवस आले किंवा थोडा ताप आला की त्याचे हातपाय असे दुखू लागतात की अंगावरची चादरही त्याला सहन होत नाही. या वर्षी तीन वेळा त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. शेजारच्या काकू म्हणतात, मागच्या जन्मीचे भोग आहेत. आमच्या मंडळीतील एक भगिनी म्हणाल्या की घरात कोणाचे तरी कबूल न केलेले पाप असेल, ते शोधा. मी संडे स्कूलमध्ये मुलांकडून ‘देव प्रीती आहे’ हे वचन पाठ करून घेते. रात्री दोन वाजता लेकरू कळवळते तेव्हा ते वचन माझ्याच घशाखाली उतरत नाही. देव प्रेमळ आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर तो लहान मुलांना असे का भोगू देतो?
— एक आई, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. लेकराच्या दुखण्याला कोणाचे पाप कारणीभूत, हा पहिला. तो तुमचा नाही, लोकांनी तो तुमच्या पदरात टाकला आहे. देव हे का चालू देतो, हा दुसरा, आणि तो खरा तुमचा आहे. पहिल्याचे उत्तर मला ठामपणे देता येते, म्हणून आधी तेच देतो.

सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलाकडे येणारा रक्ताचा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी जे अमिनो आम्ल असायला हवे त्याऐवजी दुसरेच येते, आणि एवढ्याशा बदलामुळे, प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. एरवी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही जेमतेम १० ते २० दिवस टिकते. तुम्ही आणि तुमचे यजमान बहुधा दोघेही एएस, म्हणजे दोष एकाच बाजूने मिळालेले वाहक असाल. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते, आणि ही शक्यता पुण्यवानाच्या घरी घटत नाही, पाप्याच्या घरी वाढत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला नेमके हेच विचारले : पाप ह्याचे, की ह्याच्या आईबापांचे? जो जन्मतःच आंधळा त्याचे स्वतःचे पाप म्हणजे जन्माआधीचे पाप. म्हणजे तुमच्या काकू आणि तुमच्या भगिनी दोघीही त्या प्रश्नात आहेतच. येशूने दोन्ही नाकारले. त्याच्याही कितीतरी शतके आधी, ‘बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ ही म्हण यापुढे इस्राएलात कोणी उच्चारू नये, असे यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडून देवाने बजावले होते (अध्याय १८). आपल्या लोकांना ही म्हण वर्ज्य केल्याचे अजून कळलेले दिसत नाही.

कोणी तुमच्यासमोर दावीद राजाच्या बाळाची गोष्ट काढील, म्हणून तिच्याविषयीही लिहितो. दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात बापाच्या अपराधापायी तान्हे मूल सात दिवस आजारी पडून मरते, आणि तसे होणार हे नाथान संदेष्टा आधीच सांगतो. हा उतारा मला आजही सहज वाचता येत नाही, आणि तो सहज वाचणाऱ्यांची मला थोडी भीती वाटते. मात्र तेथे संदेष्टा राजाच्या तोंडावर, एका विशिष्ट खुनाविषयी आणि व्यभिचाराविषयी बोलत आहे. प्रत्येक आजारी मुलाच्या घरी जाऊन तसे बोलण्याचा परवाना त्यातून कोणालाही मिळत नाही.

आता दुसरा प्रश्न. याला जी उत्तरे देण्याची रीत आहे ती मी स्वतः व्यासपीठावरून दिलेली आहेत, त्यामुळे ती कोठे तोकडी पडतात हे मला ठाऊक आहे. देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिली आणि दुःख हा तिच्या गैरवापराचा परिणाम, हे त्यांतले एक. बेथलेहेमातील बाळांना मारणाऱ्या हेरोद राजाला ते लागू पडते. हिमोग्लोबिनमध्ये कोणाची इच्छा शोधायची? दुःखाने माणूस घडतो, हे दुसरे. मोठ्या माणसाने स्वतःच्या दुःखाविषयी ते म्हणावे, त्याला तो अधिकार आहे. पण सिकलसेलमध्ये पहिली कळ पुष्कळदा वर्षाच्या आतच येते आणि बाळाचे तळहात व तळपाय सुजतात. ज्याला अजून बोलता येत नाही त्याने कोणता धडा घ्यायचा?

अलीकडे तिसरे एक उत्तर ऐकू येते, आणि ते शिकलेल्या माणसांचे असल्यामुळे अधिक फसवे आहे. अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले की सिकलसेलचे जनुक ज्यांना एकाच बाजूने मिळाले आहे, अशा वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून पुष्कळ संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या मुलखात, आणि आपल्याकडे विदर्भात व नंदुरबारकडे, हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. एका तरुण पाळकाने हे एका प्रवचनात मोठ्या उत्साहाने सांगितले आणि ‘पाहा, देवाची योजना!’ असे म्हणून तो थांबला. मला त्या वेळी पुढच्या बाकावर बसलेल्या आईकडे पाहवले नाही. ज्ञान म्हणून ही गोष्ट खरी आणि विलक्षण आहे. पण चारांतली दोन भावंडे मलेरियातून सुटावीत म्हणून एकाने रात्रभर कण्हावे, ही योजना असेल तर त्या एकालाही हिशेब मागण्याचा हक्क आहे. जनुक कसे टिकले हे विज्ञान सांगते. त्याला प्रेम म्हणायचे की नाही, हे ठरवण्यासाठी त्या पाळकाने एक रात्र वॉर्डात काढायला हवी होती.

मी अशा काही रात्री काढल्या आहेत. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दवाखान्यात मी भेटीसाठी जात असे. सात वर्षांचा एक मुलगा त्या रात्री कळांनी वाकला होता. त्याची आई गरम पाण्यात फडके पिळून त्याच्या पोटऱ्या शेकत होती आणि सलाइनच्या बाटलीला स्टँड मिळाला नव्हता. मी पिशवीतून पवित्र शास्त्र काढले. ती म्हणाली, “पाळकसाहेब, आधी हे धरा बरं.” मी पाऊण तास बाटली धरून उभा राहिलो, हात अवघडला की बदलला, आणि निवडून आणलेले स्तोत्र वाचायचे राहून गेले. तो मुलगा मधूनमधून विचारत होता, “अजून किती?” आणि आई दर वेळी बाटलीकडे पाहून बोटाने दाखवत होती, एवढं.

त्याचा प्रश्न बाटलीविषयी होता, पण ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ हे स्तोत्रकर्त्याचेही विचारणे आहे, आणि त्याला कोणी गप्प बसवलेले नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात ठेवले गेले. बेथलेहेमच्या बाळांविषयी लिहिताना मत्तयाने इस्राएलाची पूर्वजमाता राहेल हिची आठवण काढली, ती आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. तिने सांत्वन नाकारले, याबद्दल मत्तय तिला दोष देत नाही. तेव्हा तुम्ही रात्री दोन वाजता देवाशी भांडत असाल, तर तीही प्रार्थनाच समजा, आणि तुमचा विश्वास उणा पडला असे कोणाला म्हणू देऊ नका.

देव का थांबवत नाही, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. माझ्याजवळ आहे तो वधस्तंभ : ज्याने स्वतः ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे ओरडून विचारले आणि ज्याला त्या घटकेला वरून उत्तर आले नाही, त्यालाच आपण देव म्हणतो. त्याने तुमच्या लेकराची कळ थांबत नाही. पण कळ देणारा आणि कळ सोसणारा यांत माझा देव कोणत्या बाजूला आहे, हे मला तेथे दिसते, आणि माझी पाळकाची सगळी वर्षे मी तेवढ्यावर काढली.

मुलाने ‘देवाने मला असं का केलं?’ असे विचारले, तर ‘मला माहीत नाही, मीही त्याला तेच विचारते’ असे सरळ सांगा. सहा वर्षांच्या मुलाला ते पुरते. त्याला पाणी भरपूर पाजा, थंडीपासून जपा, लसी चुकवू नका, आणि ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. हायड्रॉक्सियुरिया ही कळा कमी करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय बंद करू नका. प्रार्थनेने बरे झाले, आता गोळ्या सोडा, असे सांगणारा कोणी दारात आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्याच्या नावापुढे रेव्हरंड असले तरी.

प्रश्न : पवित्र शास्त्रातील ईयोबाने सगळे धन आणि दहाही मुले गमावली, आणि शेवटी देवाने त्याला पुन्हा दहा मुले दिली. आमची मुलगी गेल्यावर आम्हालाही पुष्कळांनी ‘देव दुसरे देईल’ असे सांगितले. मूल असे भरून निघते का?
— एक वडील, अहिल्यानगर

उत्तर : नाही. ईयोबाचा शेवट बारकाईने वाचा. मेंढरे सात हजार होती ती चौदा हजार झाली, उंट तीन हजारांचे सहा हजार झाले. सगळे धन दुप्पट झाले. मुले मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच. काही जुन्या भाष्यकारांनी यावर म्हटले आहे की मेंढरे गेली ती गेली, पण आधीची दहा मुले देवाजवळ मोजलेलीच होती, म्हणून दुपटीत दहाच लागली. मला हे पटते, पण त्याहून दुसरी एक गोष्ट अधिक लागते. नंतरच्या तिन्ही मुलींची नावे ग्रंथात दिली आहेत; आधीच्या दहांपैकी एकाचेही नाव नाही. ईयोबाला ती सांगायला कोणी विचारलेच नसावे. ‘देव दुसरे देईल’ असे म्हणणारे सहसा नाव विचारत नाहीत.

तुम्ही पत्रात तुमच्या मुलीचे नाव लिहिले आहे. ते येथे छापत नाही. येत्या रविवारी आमच्या मंडळीच्या प्रार्थनेत ते मोठ्याने घेतले जाईल.