शेवट आधी कळला तरी बिघडत नाही: महाकाव्याचा अभ्यास आणि गृहपाठ

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. होमरची इलियड आणि ओडिसी ही ग्रीक महाकाव्यं अनुवादातून अभ्यासाला आहेत, आठवड्याला तीन-चार सर्ग वाचून जायचं असतं, नावं एकमेकांत गुंततात, रात्री वाचलेलं सकाळी आठवत नाही. मागच्या गृहपाठावर शेरा आला, ‘ही गोष्ट झाली, उत्तर कुठे आहे?’ आता ‘ओडिसीतलं आदरातिथ्य’ या विषयावर लिहायचं आहे. शिवाय आधी सारांश वाचला तर ती लबाडी होईल का, असंही विचारलंय. मी ही काव्यं बरीच वर्षं शिकवते आहे आणि विद्यार्थी असताना याच जागी अडले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

सारांशाचं आधी सांगते. खुशाल वाचा. ज्यांच्यासमोर ही काव्यं गायली जात, त्यांना ग्रीकांनी वेढलेलं ट्रॉय नगर पडणार हे ठाऊकच होतं. कवीही काही लपवून ठेवत नाही. इलियडच्या पंधराव्या सर्गात देवांचा राजा झ्यूस आपली बायको हेरा हिला सगळं सांगून टाकतो: ग्रीक वीर अकिलीस आपला मित्र पॅट्रोक्लस याला रणात पाठवेल, ट्रॉयचा हेक्टर त्याला मारेल आणि मग अकिलीस हेक्टरला मारेल. पॅट्रोक्लस मरतो सोळाव्या सर्गात, हेक्टर बाविसाव्यात. आपल्याकडे भीष्मपर्वात हेच दिसतं. संजय रणांगणावरून परत येतो आणि धृतराष्ट्राला पहिली बातमी देतो ती भीष्म पडल्याची. ते दहा दिवसांचं युद्ध आणि त्याच्या तोंडावरची गीता, हे सगळं आपण त्यानंतर ऐकतो. म्हणजे भीष्म पडणार हे माहीत असलेल्या बापाला ते युद्ध सांगितलं जातंय. हे लक्षात ठेवून भीष्मपर्व वाचलं की प्रत्येक ओळीचं वजन बदलतं.

तेव्हा त्या दिवसाच्या सर्गाचा सारांश दहा मिनिटांत वाचा आणि बाजूला ठेवा. पुढे काय होतं याची चिंता गेली की कवी ते कसं सांगतो याकडे लक्ष देता येतं, आणि तुमचे शिक्षक विचारतात ते हेच. मात्र सारांशावर थांबू नका. उत्तरासाठी जे लागतं ते सारांशात कधीच नसतं. आणि सारांश त्या त्या काव्याचाच घ्या. ट्रॉयच्या युद्धाची एकत्र केलेली गोष्ट वाचून दरवर्षी कुणीतरी लाकडी घोडा आणि अकिलीसची टाच इलियडच्या उत्तरात आणतं. इलियड हेक्टरच्या अंत्यविधीपाशी संपतं. त्यात घोडाही नाही आणि अकिलीसचा मृत्यूही नाही.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्हीही ती करत असणार. इलियडच्या नवव्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अगॅमेम्नॉन रुसलेल्या अकिलीसला परत आणण्यासाठी काय काय देणार ते मोजून सांगतो: विस्तव न लागलेली सात तिपायी भांडी, दहा टॅलंट (हे तेव्हाचं वजन) सोनं, वीस हंडे, शर्यती जिंकलेले बारा घोडे, लेस्बॉसच्या सात स्त्रिया, त्याच्याकडून हिरावून घेतलेली दासी ब्रायसेइस, पुढे सात नगरं. थोड्या वेळाने ओडिसियस (ओडिसीचा नायक तो हाच) अकिलीसच्या तंबूत जातो आणि हीच यादी पुन्हा म्हणतो, जवळजवळ शब्दशः. मी समासात पेन्सिलीने ‘मागचंच’ असं लिहिलं आणि पान उलटलं. तोंडी परीक्षेत मला एवढंच विचारलं गेलं, “ओडिसियसने काय वगळलं?” मला उत्तर आलं नाही.

घरी येऊन दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. अगॅमेम्नॉनच्या भाषणाच्या शेवटी चार ओळी आहेत: त्याने नमावं, मी त्याच्याहून मोठा राजा आहे, वयानेही मोठा आहे. ओडिसियस यादीतलं एकही भांडं विसरत नाही, पण या चार ओळी गिळतो. त्या जागी तो म्हणतो, अगॅमेम्नॉनवर राग असेल तर निदान बाकीच्या सैनिकांची दया कर. आणि अकिलीसच्या उत्तराची सुरुवात काय? मनात एक ठेवून तोंडाने दुसरंच बोलणारा माणूस मला मृत्युलोकाच्या दारांइतका तिरस्करणीय वाटतो. वगळलेल्या ओळी त्याने ऐकलेल्या नाहीत, तरी काहीतरी दाबलं जातंय हा वास त्याला येतो. सगळा प्रसंग त्या गाळलेल्या चार ओळींवर उभा आहे, आणि मी तिथे ‘मागचंच’ लिहून मोकळी झाले होते.

म्हणून पुनरुक्ती आली की वेग कमी करा. या काव्यांत ती इतकी का आहे, हे मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाच्या कामामुळे नीट कळलं. १९३३ ते १९३५ या काळात ते युगोस्लाव्हियात लोकगायकांच्या रचना ध्वनिमुद्रित करत फिरले, आल्बर्ट लॉर्ड त्यांच्या हाताखाली होते. लिहिता-वाचता न येणारे गायक हजारो ओळी बसल्या बैठकीत रचत गात होते. ते करायला ठरलेली विशेषणं, ठरलेल्या ओळी, ठरलेले प्रसंग हाताशी लागतात. अकिलीस बसलेला असला तरी ‘वेगवान पायांचा’ राहतो तो त्यामुळे; ते शब्द वृत्तात चपखल बसतात. तेव्हा पहाट दर वेळी ‘गुलाबी बोटांची’ का, यावर पानभर लिहू नका. पण ठरलेली गोष्ट जिथे मोडते, काही गळतं, काही वाढतं, भलत्याच जागी येतं, तिथे खूण करा. माझ्या पुस्तकांत तेव्हापासून तीनच खुणा असतात: पुन्हा आलेल्या गोष्टीला गोल, त्यात बदल झाला तर काट, आणि उपमेला उभी रेघ. रंगीत पेनांची मोठी योजना केलीत तर तिसऱ्या सर्गापर्यंत ती सुटते.

काव्य मुळात कानासाठी आहे, मग वाचनही तोंडाने करा. इलियड सुमारे १५,७०० ओळींचं, ओडिसी सुमारे १२,१०० ओळींचं, दोन्हींचे चोवीस-चोवीस सर्ग. सगळं मोठ्याने वाचायला तुम्हाला वेळ मिळणार नाही हे मला माहीत आहे. प्रत्येक सर्गातली भाषणं तेवढी मोठ्याने वाचा. कोण कुणाशी बोलतंय, कुठे आवाज चढतो, कुठे विनवणी आहे, हे डोळ्यांनी वाचताना निसटतं आणि उच्चारताना आपोआप कळतं. सर्ग संपला की पुस्तक मिटून तीन मिनिटं तो कुणालातरी सांगा, कुणी नसेल तर भिंतीला सांगा. जिथे अडखळाल तेवढाच भाग पुन्हा उघडा. रात्री वाचलेलं सकाळी आठवत नाही याला मला सापडलेला हाच एक उपाय आहे. वाचतानाच वहीत उतरवत गेलं की वही भरते आणि डोकं रिकामं राहतं. टिपणं काढायची ती सांगून झाल्यावर, सर्गाला चार-पाच ओळी, जास्त नाही.

नावांचं थोडक्यात. यादी अक्षरांप्रमाणे करू नका, घराण्याप्रमाणे करा. एका पानावर ट्रॉयचा राजा प्रायम याचं घर, एका पानावर अगॅमेम्नॉन आणि मेनेलाउस हे दोघे भाऊ, एका पानावर देव आणि कोण कोणाच्या बाजूचा. ग्रीकांना होमर कधी अकीयन म्हणतो, कधी आर्गिव्ह, कधी डॅनाअन, माणसं तीच. ‘अट्रियसचा मुलगा’ म्हटलं की दोन्ही भावांपैकी कोण ते संदर्भावरून बघावं लागतं. पार्थ, धनंजय, सव्यसाची हा एकच माणूस आणि ‘कौंतेय’ मात्र युधिष्ठिरही असू शकतो, हे आपल्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं आहे. इथेही पडेल, दोन आठवडे द्या.

लढाईत एकदाच येऊन मरणारी नावं यादीत घेऊ नका. पण त्यांच्यावरच्या दोन ओळी वाचल्याशिवाय पुढेही जाऊ नका. इलियडच्या सहाव्या सर्गात अ‍ॅक्सिलस नावाचा एक माणूस ग्रीक वीर डायोमिडीसच्या हातून मरतो. त्याचं घर रस्त्याच्या कडेला होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो घरात घ्यायचा, आणि त्या पाहुण्यांपैकी एकही त्या दिवशी त्याला वाचवायला आडवा आला नाही. एवढं सांगून कवी पुढे निघून जातो. मी हे शिकवताना दर वर्षी इथे थांबते.

ओडिसीसाठी एक वेगळी सवय लावा: वहीच्या पानाचे दोन भाग करून एकीकडे घटना घडल्या त्या क्रमाने, दुसरीकडे सांगितल्या त्या क्रमाने. ओडिसियस स्वतः समोर येतो तो पाचव्या सर्गात, आधीचे चार सर्ग मुलगा टेलेमाकसचे. राक्षस, चेटकीण, मृतांचा लोक ही सगळी प्रसिद्ध साहसं नऊ ते बारा या सर्गांत आहेत आणि ती ओडिसियस स्वतः यजमानांसमोर सांगतो. त्या सर्गांबद्दल लिहिताना ‘ओडिसियसच्या सांगण्यानुसार’ एवढे दोन शब्द घातलेत तरी उत्तराची पातळी बदलते, कारण त्याला त्या वेळी घरी पोचवणारं जहाज हवं आहे आणि ऐकणाऱ्यांवर छाप पाडायची आहे.

आता त्या शेऱ्याकडे. ‘गोष्ट झाली’ हा शेरा येतो कारण आपण मोठा विषय घेऊन सगळ्या काव्यावरून धावतो. उलट करा. दहा-बारा ओळींची एक जागा निवडा आणि तिच्यापाशी बसून राहा. उपमा त्यासाठी फार चांगल्या. ओडिसीच्या आठव्या सर्गात गायक ट्रॉयच्या पाडावाचं गाणं म्हणतो आणि ओडिसियस रडतो. कशासारखा? नगर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या देहावर कोसळून आक्रोश करणाऱ्या बाईसारखा, आणि तेवढ्यात शत्रूचे सैनिक मागून तिच्या पाठीत भाले टोचतात, गुलाम म्हणून ओढून नेतात. आता स्वतःला विचारा: तुलना फक्त अश्रूंची होती तर भाले कशाला आले? अशा बायका केल्या कुणी? ट्रॉय जिंकणाऱ्यांनीच, आणि त्यात हा रडणारा सर्वांत पुढे होता. ते त्याला कळतंय का, की फक्त ऐकणाऱ्याला कळतंय? उपमेत गरजेपेक्षा जास्त काय आलं, हा प्रश्न धरलात की लिहायला विषय आपोआप मिळतो. तुमच्या उत्तरातलं एखादं वाक्य ‘मग’ किंवा ‘त्यानंतर’ने सुरू झालं तर ते खोडून बघा, बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

संदर्भ देताना सर्ग आणि ओळ द्या, पान नको. ९.१५८ म्हणजे नववा सर्ग, ओळ एकशे अठ्ठावन्न. आवृत्ती बदलली तरी वाचणाऱ्याला जागा सापडते. पद्य अनुवादात ओळी थोड्या पुढे-मागे होतात, आणि गद्य अनुवादात पुष्कळदा आकडे नसतातच; तसं असेल तर आकडे असलेली एखादी प्रत ग्रंथालयातून शेजारी घेऊन बसा.

आणि तुमचा आदरातिथ्याचा निबंध. यजमान, पाहुणे, भेटी यांची जंत्री करू नका, परत तोच शेरा येईल. ओडिसीचा तिसरा सर्ग आणि नववा सर्ग उघडा. तिसऱ्यात टेलेमाकस नेस्टर या म्हाताऱ्या राजाकडे जातो. तिथे त्याला बसवतात, जेवू घालतात, आणि मग नेस्टर म्हणतो, आता पाहुण्यांचं पोट भरलं, आता त्यांना विचारणं बरं: तुम्ही कोण, कुठल्या वाटेने समुद्र ओलांडून आलात, काही कामाने निघालात की चाचेगिरी करत भटकताय? नवव्यात एकडोळ्या राक्षस पॉलिफेमस गुहेत शिरतो, विस्तव पेटवतो, त्याला परके दिसतात, आणि तो तेच विचारतो. मूळ ग्रीकमध्ये ३.७१ ते ७४ आणि ९.२५२ ते २५५ या चार ओळी जशाच्या तशा आहेत. तुमच्या अनुवादकाने त्या वेगवेगळ्या केल्या असतील तर तेही लिहा. एकीकडे त्या जेवणानंतर येतात, दुसरीकडे यजमानाने पाण्याचा घोटही दिलेला नाही. मग थोड्या वेळाने पॉलिफेमस ओडिसियसला पाहुण्याची भेट म्हणून काय देऊ करतो ते ९.३६९ च्या आसपास बघा आणि तिथून लिहायला घ्या. मसुदा झाला की इथे टाका, मी वाचेन.