केबल तिसऱ्यांदा गेली, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमची केळी यावल तालुक्यात. दोन वर्षांत विहिरीवरची मोटरची केबल तीनदा कापून नेली. पोलीस स्टेशनला गेलो तर अर्ज घेतला, शिक्का मारून दिला, बस. इकडे सरकार रोज सांगतं नवे कायदे आणले, ११२ नंबर आणला, तंटामुक्ती केली. याच्याने गुन्हे खरंच कमी होतात का नुसत्या जाहिराती?
– एक केळीवाला

उत्तर : दादा, आधी तुमच्या कामाचं बोलू, सरकारचं नंतर. तुम्ही दिला तो अर्ज, एफआयआर नाही. एफआयआर नाही म्हणजे सरकारच्या हिशोबात तुमची केबल अजून विहिरीवरच आहे. एनसीआरबीचा, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांचे आकडे ठेवणाऱ्या केंद्राच्या ऑफिसचा, रिपोर्ट येतो ना, चोऱ्या घटल्या नि वाढल्या म्हणून पेपरात छापतात तो, तो नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो, झालेल्यांचा नाही. त्यात गंमत अशी की ज्या ठाण्यात तक्रारी इमानदारीने लिहून घेतात तिथलाच आकडा वाढलेला दिसतो आणि मीटिंगमध्ये बोलणी त्याच साहेबाला बसतात, मग लिहून कोण घेईल सांगा.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे (भारतीय न्याय संहिता वगैरे) लागले त्यात चांगल्या गोष्टी आहेत. कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची, एफआयआरची कॉपी फुकट मिळते आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवायचं हे पोलिसांवर बंधन आहे. पण एक मेख आहे. ५ हजाराच्या आतल्या मालाची चोरी आता अदखलपात्र झालीय, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. म्हणून "अंदाजे चार हजाराची केबल" असं कधी लिहून देऊ नका, दुकानाचं बिल जोडा, स्टार्टर फोडला असेल तर तोही लिहा. तरी नाहीच घेतलं तर सगळं कागदावर लिहून पोस्टाने एसपी साहेबांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा जुन्या कायद्यातही होती, आताही आहे, त्याने चोराला काय फरक पडला? तो कलम वाचून येत नाही, लाईटचं टाइमटेबल बघून येतो. थ्रीफेज गेली की केबलला करंट नाही आणि मळ्यात माणूसही नाही, दहा मिनिटात काम तमाम. सौर कृषी वाहिनीमुळे दिवसा लाईट मिळते ती चांगलीच आहे, रात्री साप-विंचवात पाणी भरायला जावं लागत नाही, पण त्यामुळे रात्रीचा मळा रिकामा राहतो हे पण खरंय. आपण पकडले जाऊ असं चोराला वाटलं तरच तो थांबतो, शिक्षा तीन वर्षं की दहा हे त्याच्या डोक्यातही नसतं.

माझ्या चुलतभावाची केबल गेली तेव्हा सकाळी आम्ही शोधत गेलो तर नाल्यात काळाभोर डाग, वितळलेलं रबर, अजून वास येत होता. वरचं जाळून तांबं काढून नेलं होतं. ते तांबं चोर काय घरी ठेवतो का, ते भंगारात जातं. चोरीचा माल घेणं हाही गुन्हाच आहे आणि तालुक्यात भंगारवाले असतात किती, बोटावर मोजण्याइतके. कोणाकडून जळकं तांबं घेतलं, नाव काय, गाडी कोणती, एवढं रजिस्टर ठेवायला लावलं आणि महिन्यातून एकदा हवालदाराने ते खरंच उघडून पाहिलं तर पाच-पन्नास कॅमेऱ्यांपेक्षा जास्त काम होईल असं माझं मत. कॅमेऱ्यांचं तर विचारू नका, एका गावात वेशीवर दोन लावले, उद्घाटनाला हार-नारळ झाले आणि चोरी झाल्यावर पाहिलं तर लाईट बिल थकलं म्हणून सहा महिन्यांपासून बंद.

तंटामुक्तीला मात्र मी नावं ठेवणार नाही. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबांच्या काळात सुरू झाली, तेव्हा बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ-भाऊ गावातच बसून मिटवू लागले. फक्त ती भांडणासाठी होती हो, केबल चोर काय समितीपुढे बसून समझोता करणार आहे का.

प्रश्न : आमच्या गिरणेतून रात्रभर रेतीचे ट्रॅक्टर जातात. सरकारने इतकी धोरणं बदलली, फरक का नाही पडत?
– भडगाव तालुक्यातून

उत्तर : दंडुका कमी नाहीये. वाळू तस्कराला एमपीडीए खाली, म्हणजे खटल्याआधीच स्थानबद्ध करायच्या राज्याच्या कायद्याखाली, वर्षभर आत टाकता येतं, २०१५ मध्ये तशी दुरुस्तीच केली. २०२३ ला दुसरा उपाय काढला, सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू. मला वाटलं होतं हे चालेल, कारण स्वस्त माल सरळ मिळाला तर रात्रीचा कोण घेईल. पण स्वस्त असून उपयोग काय, घर बांधणाऱ्याला ती हातात मिळायला पाहिजे ना, स्लॅबची तारीख ठरलेली, मिस्त्री बसून, मग तो रात्रीच्या ट्रॅक्टरवाल्यालाच फोन लावतो. २०२५ ला डेपो सोडून परत वाळू घाटांच्या लिलावावर आले. तुम्ही रात्री ट्रॅक्टर मोजता तसं एकदा दिवसा गावात किती घरांचं बांधकाम चालू आहे तेही मोजा आणि त्यातल्या कितीजणांकडे वाळूची पावती आहे ते विचारून बघा.