न्यू जर्सीत दरवर्षी खरंच कमरेइतका बर्फ पडतो का? जानेवारीत मुलीकडे एडिसनला जायचंय.

नाही हो, काकू. कमरेइतका बर्फ व्हॉट्सअ‍ॅपवर पडतो तेवढा प्रत्यक्षात पडत नाही.

शेजारच्या न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. सेंट्रल पार्कमध्ये १८६९ पासून हवामानाच्या नोंदी आहेत. तिथे अख्ख्या हिवाळ्याची सरासरी साधारण ३० इंच. पण सरासरीवर जाऊ नका! जानेवारी २०१६ मध्ये एकाच वादळात २७.५ इंच बर्फ पडला, आणि २०२२-२३ चा पूर्ण हिवाळा जेमतेम २.३ इंचांत आटोपला. वीस इंचांच्या वरची वादळं दीडशे वर्षांत बोटांवर मोजण्याइतकीच.

मोठा बर्फ आणतं ते 'नॉरईस्टर' नावाचं, किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकणारं वादळ. अटलांटिकचं बाष्प आणि कॅनडाकडून आलेली थंड हवा यांची गाठ पडावी लागते. वादळ किनाऱ्याच्या जरा जास्त जवळून गेलं की समुद्राची उबदार हवा आत घुसते आणि बर्फाऐवजी नुसता पाऊस. फार लांबून गेलं तर तेही नाही. म्हणून आठवडाभर आधीच्या 'इतके इंच पडणार' या अंदाजावर मी तरी विश्वास ठेवत नाही. एक-दोन दिवस आधीचा बघा.

खरी भीती पायाखालच्या पारदर्शक बर्फाची. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी दिसतही नाही. स्वेटर दोन कमी घ्या, पण न घसरणारे बूट तिथे पोचल्यावर लगेच घ्या.