सँडलचा पट्टा आणि मॉन्टेसरीची पाटी

बालवाडीच्या प्रवेशाचे दिवस आले की माझ्यासमोर सल्ल्यासाठी बसलेले तरुण आई-वडील एक प्रश्न हमखास विचारतात: मुलाला पाळणाघरातच राहू द्यावे की मॉन्टेसरीत घालावे? यंदा तो इतक्या वेळा ऐकला की त्यातील एक अनुभव, ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून, येथे मांडत आहे.

पुण्यात नोकरी करणाऱ्या या आईचा मुलगा सव्वातीन वर्षांचा होता. पहिल्याच भेटीत तिने दोन्हीकडील फीचे कागद माझ्या टेबलावर ठेवले.

"काकूंच्या पाळणाघरात माया आहे, पण शिकवत काहीच नाहीत. म्हणून मॉन्टेसरी बघायला गेले, तर तिथे मुलं एका वाटीतली डाळ दुसऱ्या वाटीत ओतत बसली होती. मॅडम, एवढी फी डाळ ओतण्यासाठी?"

मला हसू आले, पण प्रश्न रास्त होता. पाळणाघराचे मुख्य काम म्हणजे आई-वडील परत येईपर्यंत मुलाला सुरक्षित ठेवणे, वेळेवर खाऊ घालणे आणि झोपवणे, आणि ते मुळीच हलके काम नाही. मॉन्टेसरीत तीन ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात असतात, साधने त्यांच्या हाताला येतील अशा मांडणीवर ठेवलेली असतात आणि सकाळचे सुमारे तीन तास मुलाच्या कामात शक्यतो कोणी व्यत्यय आणत नाही. त्यांतले एक साधन म्हणजे दट्ट्यांचा ठोकळा: लाकडी ठोकळ्यात वेगवेगळ्या मापांच्या दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा दट्टे असतात. एक जरी चुकीच्या खाचेत गेला तरी शेवटी एक उरतो आणि चूक मुलाला स्वतःला दिसते. सांडलेल्या डाळीचेही तेच, शिवाय ती ओतताना हाताला जी पकड येते ती पुढे पेन्सिलीला उपयोगी पडते.

मात्र ही दोन टोके आपण समजतो तितकी दूर नाहीत. ही पद्धत घडवणाऱ्या इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेन्झो या कामगारवस्तीत पहिले बालघर सुरू केले, ते आई-वडील कामाला गेल्यावर इमारतीत मोकाट फिरणारी आणि भिंती खराब करणारी मुले सांभाळायला कोणीतरी हवे होते म्हणून. म्हणजे आरंभी गरज पाळणाघराचीच होती. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला मुलाने स्वतःच्या हातांनी शिकण्याचे हे तत्त्व स्थानिक, स्वस्त साधनांतून आदिवासी मुलांपर्यंत नेले. त्यामुळे महागडे लाकडी सामान पाहून कोणी भुलू नये. 'मॉन्टेसरी' हा शब्द कोणीही पाटीवर लिहू शकतो. म्हणून अर्धा तास वर्गाच्या कोपऱ्यात बसू द्या अशी विनंती करावी आणि मूल अडखळते तेव्हा ताईंचे हात काय करतात एवढेच पाहावे.

हे सारे तिला पटले, तरी निर्णय होईना. तिसऱ्या भेटीला पाळणाघर बंद असल्याने ती मुलाला घेऊन आली. निघताना तो सँडल घालू लागला आणि ती सवयीने खाली वाकली.

"जरा थांबता?" मी म्हणाले.

ती हात मांडीखाली दाबून बसली. त्याने डावे सँडल उजव्या पायात घातले, थोडा वेळ पाहिले, काढले, बदलले. पट्टा कडीतून दोनदा निसटला. या चार मिनिटांत तिने तीनदा घड्याळ पाहिले. शेवटी पट्टा बसला, आणि तो उठून सरळ दाराकडे गेला.

"त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "दिवसभर मी नसते, म्हणून सकाळी तरी सगळं मीच करायला हवं."

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट बरी जमू लागली आहे, ती म्हणजे वाक्यातला 'च' ऐकणे. करायला आवडेल आणि मीच करायला हवे, यांतील अंतर माणसाला दमवून टाकते. मॉन्टेसरीची फी ही तिच्या लेखी आपल्या गैरहजेरीची भरपाई होती, आणि डाळ ओतणे भरपाईसारखे दिसत नव्हते म्हणून तिला राग आला होता. हे मला पहिल्याच भेटीत उमगायला हवे होते. मी मात्र दट्ट्यांचे ठोकळे समजावत बसले.

त्यानंतर हिशेब सोपा झाला. मॉन्टेसरी साडेबाराला सुटते आणि ती घरी येते सातला. तेव्हा काकू लागणारच होत्या. सकाळी मॉन्टेसरी, दुपारपासून काकू, असे ठरले. काकूंना एकच विनंती केली की त्याला हाताने जेवू द्यावे, मग कितीही सांडो.

चौथ्या भेटीत तिने सांगितले की घरातला गजर आता पंधरा मिनिटे आधी वाजतो आणि काकू त्याला मटार सोलायला बसवतात. सांडलेले गोळा करायला तिने छोटा झाडूही आणला आहे. तो सासूबाई अजून माळ्यावर ठेवून देतात.